शालनचा हात आणि माझी चुंबकं

माझ्या बायकोचा मोडलेला हात मी बरा केला. हे मी लग्नात सांगतो, बारशात सांगतो, एकदा तेराव्यालाही सांगितलं. शालन अशा वेळी दुसरीकडे बघते.

शालन कबड्डी खेळायची. तिनं समोरच्या बाईचा घोटा धरला की सोडवायला पंचांनाच यावं लागायचं! तिचं माहेर कडाव, पण लग्नानंतर ती भिवपुरीच्या, म्हणजे आमच्या संघातून खेळू लागली. त्या वर्षी भात कापलेल्या शेतात सराव करताना ती पडली आणि उजव्या तळहातातलं हाड मोडलं. उन्हाळ्यात कडावलाच सामने होते. तिचा भाऊ बबन आमच्या ओटीवर, आमचाच चहा पीत म्हणाला, "भावजी, यंदा शालूला बघणाऱ्यांत बसवा. टाळ्या वाजवाया कुनीतरी पायजेच की!"

शालन त्या दिवशी जेवली नाही.

प्लॅस्टर निघालं तेव्हा हाताची मूठही वळेना. कर्जतचे डॉक्टर म्हणाले, "चेंडू दाबा, ओले कपडे पिळा." एवढ्यासाठी हा माणूस डॉक्टरकी शिकला? मी वीजघरात कारकून होतो (म्हणजे वीज आणि चुंबक यांतलं मला सगळं कळतं, असा माझा समज होता!) आणि चुंबक चिकित्सेचं एक पुस्तक मी निम्मं वाचलेलं होतं. मी व्यायाम तिथल्या तिथे बंद केला.

खोपोलीला दाऊदभाईंचं भाड्यानं लाऊडस्पीकर देण्याचं दुकान होतं. त्यांनी जळक्या भोंग्यांतून दोन दणदणीत चुंबकं काढून दिली.

"सांभाळून हां साहेब," ते म्हणाले, "एकदा चिकटलं की सोडत नाय."

"रोगालाही सोडणार नाही!" मी म्हणालो.

एक चुंबक मी शालनच्या तळहाताला पट्टीनं घट्ट बांधलं, दुसरं जादा म्हणून ठेवलं. तासाभरात स्वयंपाकघरातून हाक आली. हात तव्याला चिकटला होता! तिनं जोर लावून ओढला, तर तो विळीला चिकटला. तिथून सुटला, तो ट्रंकेला. दुपारी हापशावर पाणी भरायला गेली तेव्हा हापशाचा दांडा सोडेना आणि मागं हंड्यांची रांग लागली.

"अरं, सुनंचा हात बरा करतोस का घरातलं लोखंड गोला करतोस?" आई कडाडली.

"आई, चुंबक आतून काम करतंय गं!"

"भायेरून तर लईच करतंय!"

असे कितीतरी दिवस गेले. शेवटी शालननं मला ओढत डॉक्टरांकडे नेलं. दारातून आत पाऊल टाकलं आणि तिचा हात तपासायच्या लोखंडी टेबलाला जाऊन बसला. तिनं सवयीनं बोटं आवळली, हिसका दिला, टेबलच वीतभर पुढे सरकलं! डॉक्टरांनी चष्मा पुसला.

"असं दिवसातून किती वेळा होतं?"

"मोजतंय कोन!" शालन म्हणाली.

डॉक्टरांनी पट्टी सोडून आपलं बोट तिच्या मुठीत दिलं आणि लगेच किंचाळून काढून घेतलं. "अहो, हाच तर व्यायाम! मी सांगितला त्याच्या चौपट झालाय. चुंबकाचा काही संबंध नाही. खेळा खुशाल!"

"पण चुंबक नसतं तर तिनं ओढलं काय असतं?" मी विचारलं. डॉक्टरांनी पुन्हा चष्मा पुसला.

कडावला अंतिम सामना माहेर विरुद्ध सासर असाच झाला. डॉक्टर प्रमुख पाहुणे होते. मी पहिल्या रांगेत लोखंडी घडीच्या खुर्चीवर बसलो होतो. गरज पडलीच तर असावीत म्हणून दोन्ही चुंबकं पँटच्या मागच्या खिशांत होती. गुण बरोबरीत आले आणि शेवटच्या चढाईला आली बबनची बायको, म्हणजे शालनची सख्खी वहिनी!

"पळ गं, तिचा हात मोडका हाय!" बबन ओरडला.

वहिनी कोपऱ्यातून निसटत होती. शालननं झेप घेतली आणि उजव्या हातानं घोटा धरला. वहिनी रेषेकडे वीतभरही सरकली नाही. तिचा दम सुटला, शिट्टी झाली, भिवपुरी जिंकली! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे खोटं कशाला सांगू?

जाहीर झालं, "आता शालनताईंचे यजमान दोन शब्द बोलतील." मी ताठ मानेनं उठलो. खुर्चीही उठली! मी वळलो, तीही वळली. सगळं मैदान हसत होतं, आणि सर्वांत मोठ्यानं बबन.

तेवढ्यात शालन आली. एका पायानं तिनं खुर्ची दाबली, उजव्या हातानं चुंबकं धरली आणि एकच हिसका दिला. टर्रर्र! चुंबकं तिच्या हातात, आणि दोन्ही खिसे मागच्या कापडासकट चुंबकांसोबत!

"ही पकड बघा!" डॉक्टर माईकवरून ओरडले. "हात शंभर टक्के बरा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या असत्या, पण माझे दोन्ही हात मागे गुंतले होते. उपचार पूर्ण यशस्वी झाले होते. रोगी ठणठणीत होता; दगावली ती एकटी माझी पँट.