नांदेडला आलेलं पिवळं विमान

माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणतो. त्यांना एका जागी बसवत नाही. अहमदपूरच्या घरात सकाळपासून दार ते अंगण, अंगण ते दार चालू असतं, चहासुद्धा उभ्यानंच. तरुणपणी ते हवाई दलात मेकॅनिक होते. कुणी त्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, "मी कुठं लढलो? पोरांच्या शिकायच्या विमानांना तेलपाणी करत होतो." विषय तिथंच संपायचा.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मोबाइलवर कुणीतरी एक फोटो पाठवला. नांदेडच्या एका कॉलेजच्या मैदानात चौथऱ्यावर बसवलेलं जुनं पिवळं विमान. मी लातूरला शिक्षिका आहे. त्या दिवसापासून माझा फोन थांबेना. तास चालू असताना, भाजी निवडताना, केव्हाही दादाच. "बाई, कवा जायचं?"

शेवटी एका रविवारी मी अहमदपूरला गेले आणि आम्ही दोघं नांदेडच्या एसटीत बसलो. लोहा येईपर्यंत त्यांनी दोनदा जागा बदलली. लोह्याला गाडी थांबली तर खाली उतरले, कंडक्टरनं हाका मारल्या तेव्हा वर आले.

विमानापुढच्या पाटीवर 'प्रशिक्षण विमान' एवढंच लिहिलं होतं.

"बस, एवढंच?" दादा म्हणाले. "अगं, हे हार्वर्ड विमान हाय. महायुद्धात सातासमुद्रापार बनलं. त्या लढाईसाठी वैमानिक तयार केले ह्यानं. मग आपल्याकडं आलं, आपली पोरं ह्याच्यावरच शिकली. आमच्या एकाहत्तरच्या लढाईतबी रोज उडत होतं. लई म्हातारं झालं होतं तवा."

ते विमानाभोवती फिरत राहिले. वाकून पंखाखाली बघितलं.

"काका, हात लावू नका," वॉचमन म्हणाला.

"ह्याचा नंबर कुठाय?"

"नवा रंग दिलाय की. जुनं काहीच राहिलं न्हाई."

दादांनी पुढून आत डोकावलं. इंजिन काढून घेतलेलं होतं. त्यांचा चेहरा उतरला.

"तुम्ही नेमकं कोणतं विमान शोधताय?" मी विचारलं.

चौथऱ्याला टेकून ते बोलू लागले. लढाईच्या दिवसांत शिकवायची फार घाई होती. एका दुपारी एक शिकाऊ पोरगा एकटा उडाला आणि अंधार पडेपर्यंत परतलाच नाही. त्या विमानाचं इंजिन सकाळी दादांनीच तपासलं होतं.

"मनात एकच. माझ्या हातून काही राहिलं का? जेवण न्हाई, काही न्हाई. नुसतं आभाळाकडं बघून राहिलो."

"मग?"

"सकाळी आला बैलगाडीत बसून, हरभरा खात. वाट चुकला होता, एका पडीक रानात उतरवलं त्यानं. आम्ही ते विमान आणलं, ठोकून-ठाकून नीट केलं. पुन्हा उडालं ते."

"म्हणजे चांगलंच झालं की, दादा."

"हाव. पण पोरगं पुढं लढाऊ विमानांवर गेलं. जाताना म्हणलं, पत्र टाकतो. न्हाई टाकलं."

"विसरला असेल."

"असंल."

"नाव आठवतं? शोधू आपण."

"आठवतं," ते म्हणाले आणि लगेच चालू लागले. "चल, गाडी निघंल."

परतीच्या एसटीत त्यांनी एकदाही जागा बदलली नाही. त्यांना अहमदपूरला सोडून मी लातूरला पोचले, पण जीव थाऱ्यावर नव्हता. स्वयंपाक करताना दूध उतू गेलं. वह्या तपासायला घेतल्या आणि तशाच ठेवून दिल्या. जिवंत असेल तर तो माणूसही आता म्हातारा झाला असेल. त्याला ती सकाळ आठवत असेल का?

आठवड्यानं दादांचा फोन आला. कसलीही विचारपूस न करता त्यांनी त्या पोराचं नाव आणि गाव सांगितलं.

"शोध तू. पण सापडलं तर मला एकदम सांगू नको."

मी शोधते आहे. हवाई दलातल्या निवृत्त लोकांना फोन करते, ओळखीतून ओळख काढते. प्रत्येक वेळी पलीकडून "थांबा, बघतो" असं येतं आणि मी फोन कानाला धरून थांबते. वाईट बातमी निघाली तर दादांना ती कशी सांगायची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.