मार्लिसचा तास

अमेरिकेतल्या डुलुथच्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात धडधाकट कुत्रं कधी येत नाही. गावोगावच्या डॉक्टरांनी हात टेकले की ते मार्लिसकडे पाठवतात. मार्लिस ब्रेके पोटाच्या, रक्ताच्या, ग्रंथींच्या आजारांची तज्ज्ञ. तिच्या हाती सुरी नसते. असते ती सोनोग्राफी, दुर्बीण आणि न संपणारे प्रश्न. मालक वैतागतात. मी तिची नर्स, मीही वैतागते.

निम्मं काम फोनवर चालतं. दूरच्या गावचा डॉक्टर रिपोर्ट वाचून दाखवतो, ती सल्ला देते. जनावर तिने पाहिलेलंच नसतं. काही वर्षांपूर्वी असाच फोन आला. मूत्रपिंडाचे आकडे चढलेले, कुत्रं निपचित. इकडे तिच्यापुढे रांग लागलेली. "मूत्रपिंडं गेलीत, हाल करू नका," ती म्हणाली. तिकडे त्यांनी त्याला कायमचं झोपवलं. मागाहून प्रयोगशाळेचा निकाल आला. मूत्रपिंडं गेलीच नव्हती, त्यांच्या शेजारच्या छोट्या ग्रंथीने काम सोडलं होतं. औषधांवर ते म्हातारं होईपर्यंत जगलं असतं. त्या डॉक्टरने निकाल कळवला आणि वर तिचे आभार मानले. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या कुत्र्याचा रंगही तिला ठाऊक नाही, म्हणून ते कुठल्याही कातडीत येतं. सोनोग्राफीची खोली रिकामी असते, तरी फरशीवर नखं वाजल्यासारखी ती मान वळवते. मी थट्टा करायचे. एकदा मलाही ती नखं ऐकू आली आणि माझी थट्टा थांबली.

आता मूत्रपिंडं गेलेलं कुठलंही कुत्रं आलं की ती त्या ग्रंथीची चाचणी करतेच. एक इंजेक्शन, तासभर थांबायचं, मग पुन्हा रक्त. आम्ही त्याला मार्लिसचा तास म्हणतो.

फेब्रुवारीत म्हातारा व्हर्जिल टोस्ट्रुड त्याच्या मॉसला उचलून घेऊन आला. काळा कुत्रा, एक पंजा पांढरा. तोंडात फोड, सारख्या ओकाऱ्या. सोनोग्राफीत सुकलेली मूत्रपिंडं मलासुद्धा दिसली. म्हातारा म्हणाला, "मला कळलंय डॉक्टर. सोडवा त्याला."

मार्लिसने तासभर मागितला. आशा आहे का, त्याने विचारलं. असू शकते, ती म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं आणि इंजेक्शन भरायला घेतलं. म्हाताऱ्याने कोट काढून जमिनीवर अंथरला आणि कुत्र्याशेजारी आडवा झाला. औषध देऊनही मॉस तो सगळा तास ओकत राहिला.

ग्रंथी ठीक निघाली, म्हणजे मूत्रपिंडंच गेली होती. मार्लिसने गुडघ्यांवर बसून ते सांगितलं आणि कुणी न विचारता त्या दुसऱ्या कुत्र्याचंही सांगून टाकलं. म्हातारा मॉसच्या मानेवर हात ठेवून ऐकत होता.

"म्हणजे हा तास त्याच्यासाठी होता," तो म्हणाला. "त्रास माझ्या मॉसने काढला."

तो रागावला नव्हता. मार्लिसने शेवटचं इंजेक्शन दिलं. म्हाताऱ्याने मॉसला कोटात गुंडाळलं, तिच्याशी हात मिळवला आणि नुसत्या सदऱ्यावर बर्फात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कॉफी घेत होतो. मधेच मार्लिसची मान दाराकडे वळली. कोण, मी विचारलं.

"पांढऱ्या पंजाचा," ती म्हणाली.