सहा मिनिटं लखमीच्या नावावर

गोष्टी काही कुणी ठरवून जमवत नाही. नागली पाखडायला चार बाया बसल्या की सुपातून कोंडा उडतो आणि तोंडातून गोष्टी. कोंडा वारा नेतो, गोष्टी तिथंच साचतात. रानशेतकडच्या आमच्या पाड्यावर अलीकडे सगळ्यात जास्त साचल्या त्या काळजाच्या डॉक्टरांच्या. माझी धाकटी जाऊ लखमी शेजारी असली की आधीच दटावते, "ती चालायची नको सांगू हां!" म्हणजे ती सांगावीच लागते.

* * *

मुंबईचे डॉक्टर दर रविवारी शाळेच्या व्हरांड्यात यायला लागले. डोंगर चढणाऱ्या माणसांचं काळीज कसं चालतं, त्याचा म्हणे त्यांना अभ्यास करायचा होता. पाड्यावर ताप होता, खरूज होती, गुडघे तर घरोघरी. तिकडं बघायला कुणी तयार नाही. "आजारी नसलेली माणसं पाठवा," म्हणाले!

मला तेव्हाच शंका आली. बाजारात धडधाकट बघून काय नेतात? बैल!

* * *

मग अंगठा घ्यायचा कागद आला. आमची आशाताई सुनंदा, आमच्याच पाड्यावरची पोरगी, ती मोठ्यानं वाचत होती. "तुम्ही कधीही नाही म्हणू शकता. कारण सांगायची गरज नाही."

मी म्हटलं, "थांब. परत वाच."

तिनं परत वाचलं.

"कारण न विचारणारा साहेब मी जन्मात बघितला नाय," मी म्हटलं. "यात नक्की काहीतरी आहे!"

सुनंदा म्हणाली, "आजी, मग अंगठा नको देऊ."

असं म्हटल्यावर मात्र दिला. मला अडवणारी ती कोण?

* * *

छातीला वायरी लावून कागदावर रेघा काढायचं मशीन होतं. पहिला नंबर देवजीआजाचा. तो बाकड्याला हात लावीना. चष्मेवाल्या डॉक्टरला म्हणाला, "आधी तुमच्या काढा."

डॉक्टर हसला, शर्ट काढून आडवा झाला. कागद निघाला, रेघा एकीला एक चिकटलेल्या. मग देवजी झोपला. त्याच्या रेघा लांब लांब, शेताच्या बांधासारख्या.

देवजीनं दोन्ही कागद शेजारी धरले. "ह्याचीच छाती पळते, आणि हा आमची बघायला आला!"

"चढण चढून आलो ना, बाबा," डॉक्टर म्हणाला. तरी त्यानं देवजीचा कागद परत काढला. झालं! संध्याकाळपर्यंत पाडाभर बातमी: पहिला कागद त्यांनी विकला.

* * *

दुसऱ्या मशीनमध्ये काळीज टीव्हीवर दिसायचं. साडीचा पडदा लावलेला, आत डॉक्टरीणबाई, कोवळी पोरगी. छातीवर गार चिकट काहीतरी फासलं. टीव्हीवर दार उघडतंय, मिटतंय, उघडतंय, मिटतंय.

"आजी, हे तुमचं काळीज."

मी नीट निरखून बघितलं. "यात आमचा म्हातारा कुठं दिसतो का?"

"नाही हो."

"मग मशीन बरोबर आहे!"

* * *

आता ती चालायची गोष्ट.

दिवाळीपासून लखमीला दम लागायचा. विहिरीवरून हंडा आणताना दोनदा टेकायची. विचारलं की म्हणायची, "काय नाय, ऊन आहे." पण मला ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याला, माझ्या दिराला, असंच शहरात "नुसतं तपासायला" नेलं होतं. परत आला तो चादरीत. तेव्हापासून लखमी दवाखान्याची पायरी चढली नाही.

त्या रविवारी सहा मिनिटं चालायचं होतं. दोन लाल टोप्या जमिनीवर ठेवलेल्या, ह्या टोपीपासून त्या टोपीपर्यंत, परत इकडं.

"जायचं कुठं?" मी विचारलं.

"कुठंच नाही, आजी. नुसतं चालायचं."

डोक्यावर हंडा नाही, कडेवर पोर नाही, पलीकडं बाजार नाही, आणि चाला म्हणे!

लखमीनं माझा हात घट्ट धरला. "बाय, मी नापास झाले तर मला नेतील."

आम्हा दोघींना ओळखणारी सुनंदा त्या दिवशी कासा गावाला मीटिंगला गेलेली. डॉक्टरीणबाईंनी यादीतून लखमीचं नाव पुकारलं. मी पदर पुढं ओढला आणि उठले.

अशी चालले, अशी चालले, की बाई घड्याळ बघायची विसरली! "लखमीबाई, तुमचं काळीज पंचविशीतलं आहे!"

मागं बसलेली खरी लखमी लाजली.

* * *

पण खोटं जास्तच चांगलं झालं. एवढं भारी काळीज कुणाचं, म्हणून डॉक्टर लोक लखमीच्याच मागं लागले. पदराआडचं तोंड कुणी बघितलंच नव्हतं, म्हणून खऱ्या लखमीच्याच कमरेला डबी बांधली, छातीला वायरी. "उद्या यावेळेपर्यंत काढायची नाही. यात सगळं भरलं जातं."

सगळं! म्हणजे बोलणंसुद्धा, असं पाड्यानं धरलं. दिवसभर कुणी शिवी दिली नाही. लखमीची सून, जी एरवी तवा आपटून बोलते, ती म्हणाली, "आई, तुम्ही बसा हां, पाणी मी आणते." लखमी बसली. आयुष्यात पहिल्यांदा अख्खा दिवस बसली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर डबी सोडायला आले. "रोजची कामं केली ना?"

"केली केली!" सगळा पाडा एका तोंडानं.

लखमी हळूच म्हणाली, "डबी अजून आठ दिवस राहू दे."

* * *

पुढच्या रविवारी चष्मेवाला डॉक्टर कागद बघून म्हणाला, "चाल उत्तम, डबी उत्तम. लखमीबाईंना आता काही तपासायला नको."

मी खाली बघितलं. लखमीचे पाय सुजलेले, चपलेचे पट्टे पावलांत रुतलेले. आणि कागद म्हणतोय, उत्तम! कागदावर ती नव्हतीच. मी होते.

मी उठले. "ती चालली नाय. मी चालले."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. इतके दिवस मी त्यांच्याकडं बघत होते, तस्सं! "आजी, आता तरी खरं बोलताय कशावरून?"

"तिला चालवा."

लखमी चालली. तिसऱ्या फेरीला टोपीपाशी उभी राहिली, खांब धरला. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पायावर बोट दाबलं, खळगा पडला तो भरेचना.

"आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं," चष्मेवाला म्हणाला.

"मी कधीही नाय म्हणू शकते," लखमी म्हणाली. "कागदात आहे."

खरंच कागदात होतं. मग मीच तिच्या शेजारी टेकले. "लखमी, जा गं. या वेळी तुझ्या वाटणीचं मला चालता येणार नाय."

लखमीनं वाकून चपलेचा रुतलेला पट्टा सैल केला.

"जाते. पण हिच्या नावानं."

"असं नाही करता येत," डॉक्टर म्हणाला.

"का? माझं नाव हिनं सहा मिनिटं वापरलं. आता मी हिचं वापरते. आमचे हे स्वतःच्या नावानं गेले, तर यमानं बरोबर शोधून काढलं. मला शोधत आला तर तिथं लखमी नावाचं कुणी नसलं पाहिजे."

"अगं, मग तो माझ्याकडं येईल!"

लखमी जीपमध्ये चढली, पदर सावरला, आणि हसली. "येऊ दे. तुझं काळीज पंचविशीतलं आहे. तू पळशील."

जीप कासाच्या वळणाला दिसेनाशी झाली. शाळेपासून माझं घर चांगलं दहा मिनिटांवर.

त्या दिवशी सहासुद्धा लागली नाहीत.