अर्धी मिशी आणि आठ तास

आमच्या बाबांचं केशकर्तनालय. रोज सकाळी ते आरशावर साबणाने दिनविशेष लिहायचे: आज गुलामगिरी बंद करणारा कायदा झाला, आज बायकांना मताचा हक्क मिळाला, आज महायुद्ध थांबलं. गिऱ्हाईक दाढीला यायचं आणि मानवमुक्ती ऐकून जायचं. जगातले सगळे तह बाबांना तोंडपाठ. सख्ख्या धाकट्या भावाशी मात्र विळ्याभोपळ्याचं सख्य.

भांडण आजोबांच्या फिरत्या खुर्चीवरून. वाटणीत खुर्ची बाबांकडे आली, तिची डोकं टेकायची उशी काकांनी उपटून नेली. मध्ये प्लायवूड ठोकलं, एका दुकानाची दोन झाली. तेव्हापासून बाबांच्या गिऱ्हाइकांची मान अवघडायची आणि काकांची उशी नुसतीच खुंटीला लटकायची.

माझं लग्न ठरलं तरी दोघांचं एकच: "तो येणार असेल तर मी येत नाही." काकांच्या खांद्यावर बसून मी लहानाची मोठी झाले. मला दोघंही हवे होते. सांगून झालं, रुसून झालं. पालथ्या घड्यावर पाणी.

लग्नाच्या आदल्या दिवशी नेमकी मे महिन्याची पहिली तारीख. आरशावर लिहिलेलं: 'कामाचे आठ तास, कामगाराचा हक्क.' नवरदेव मिशी कोरून घ्यायला भावी सासऱ्यांच्या खुर्चीत बसले. डावी बाजू झाली, पाचाचे ठोके पडले आणि बाबांनी कात्री खाली ठेवली.

"आठ तास भरले."

"अहो, पण उजवी?"

"उद्या सकाळी नऊला या."

नऊला तर लग्न! बिचारे पलीकडे काकांकडे गेले. "त्याच्या हातच्या कामाकडे मी बघत नसतो," असं म्हणून काकांनी डाव्या मिशीवर टॉवेल टाकला आणि उजवी कोरली.

नवरदेव बाहेर आले तेव्हा ओठावर डावीकडे दोरा होता आणि उजवीकडे बूटपॉलिशचा ब्रश. माझं डोकंच फिरलं. त्यांना आणि काकांना ओढतच मी बाबांच्या दुकानात आणलं. "जगाचे तह पाठ करता ना? मग हे बघा तुमचं महायुद्ध! उद्या दोघंही येऊ नका!" एवढं बोलले आणि मला रडूच फुटलं.

मग मिशीकडे बघत काका म्हणाले, "दादा, डावी फार खाल्लीस."

"उजवी तू जास्त ठेवलीस. पण माझे तास संपलेत."

"हे काय काम आहे होय? घरचं आहे."

काकांनी पलीकडून उशी आणली, फुंकून धूळ उडवली आणि खुर्चीला खटकन बसवली. नवरदेवांची मान टेकली. मग उजवीकडून थोडी, डावीकडून थोडी, पुन्हा उजवीकडून, असा समान न्याय सुरू झाला. दोघे भाऊ इतक्या वर्षांचं साठलेलं बोलत होते आणि हात चालूच होते. मिशी संपली तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी मी सफाचट नवऱ्याशी लग्न केलं. माझ्या एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला काका. मिशीचं आजही वाईट वाटतं. मला ती आवडायची. दुकानातलं प्लायवूड निघालं. दर वर्षी त्या तारखेला बाबा आरशावर आठ तासांचं लिहितात आणि काका साबण हातात घेऊन खाली भर घालतात: 'या लढ्यात एक मिशी कामी आली.'