पिवळ्या डोळ्यांची वंशवेल

"तुमची कावीळ लिव्हरची नाही मॅडम. रक्ताची आहे. आणि ती तुम्ही जन्माला येतानाच सोबत आणलीय."

डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्याकडे फिरवला आणि दोन शब्दांखाली पेनाने रेघ मारली. हेरेडिटरी स्फेरोसायटोसिस. म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी बशीसारख्या चपट्या असायला हव्यात, त्या माझ्या अंगात चेंडूसारख्या गोल होतात. डाव्या बरगडीखाली प्लीहा नावाचा अवयव असतो, त्यातून जाताना या गोल पेशी अडकतात आणि फुटतात. त्यांचा पिवळेपणा डोळ्यांत उतरतो आणि पित्ताशयात त्याचेच खडे होतात.

"पण हे मला आलं कुठून?" मी विचारलं.

डॉक्टर मास्कच्या आडून हसले. "तुम्ही दहावीला आनुवंशिकता शिकवता ना? मग हे तुम्हीच मला सांगायचं."

मी खाली बघितलं. तो धडा मी पंधरा दिवसांपूर्वीच शिकवायला घेतला होता, तोही फोनवर.

कोरोनामुळे शाळा बंद होती. शाळा पैठण रस्त्यावरच्या एका गावात, आमचं घर शहरात, सिडकोत. वर्गातल्या निम्म्याच मुलांच्या घरी व्हिडिओ चालेल असा फोन होता. बाकीच्यांना संध्याकाळी पाच-पाच जण जोडून मी तोच धडा तोंडी सांगायची. फळा नाही, चित्र नाही. शेवटी म्हटलं, दोन वाट्या घ्या. एक आईची, एक वडिलांची. दोन्हींत थोडे हरभरे, थोडे शेंगदाणे टाका. आता डोळे मिटून प्रत्येक वाटीतला एक दाणा उचला. हे झालं तुमचं बाळ.

सानिया नावाची माझी एक विद्यार्थिनी तास संपायच्या आत म्हणाली, "मॅडम, मी आईबाप दोन्ही खाल्ले."

सगळे हसले. मीसुद्धा इतकी हसले की उजव्या कुशीत कळ आली.

ती कळ महिनाभर येत होती. जेवलं की जास्त. थकवा तर लहानपणापासूनचा, त्यासाठी मी वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खात होते. पण त्या दिवसांत दवाखान्यात जायचं म्हणजे कोरोना घरी आणायचा, अशी भीती. मी ओवा खाऊन दिवस काढत होते.

गृहपाठ म्हणून मुलांना घरातल्यांची वंशवेल काढायला सांगितली होती. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन. कानाची पाळी चिकटलेली असेल तर रंग भरायचा. सानियाने शेजारच्यांचा फोन मागून व्हिडिओवर वही दाखवली, ती नीट दिसावी म्हणून मी माझा फोन चेहऱ्याजवळ नेला, आणि ती एकदम म्हणाली, "मॅडम, तुमचे डोळे लई पिवळे दिसायलेत. लाईटीचं हाय का?"

मी खिडकीपाशी जाऊन आरशात बघितलं. लाईटीचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने, विलासने, गाडी काढली आणि काही न ऐकता मला दवाखान्यात नेलं. आधी नाकातला स्वॅब. मग सोनोग्राफी. पित्ताशयात खडे आणि प्लीहा दुपटीने वाढलेली. मग रक्ताच्या नळ्या, एकामागून एक. वेटिंग हॉलमध्ये एकाआड एक खुर्चीवर फुलीचा कागद चिकटवलेला होता. माणसं बोलत नव्हती, नुसती एकमेकांच्या खोकल्याकडे बघत होती. तीन दिवस आम्ही तिथं फुलीच्या खुर्चीच्या अल्याड-पल्याड बसून काढले. चौथ्या दिवशी निदान कळलं.

घरी येऊन मी स्वतःची वंशवेल काढायला बसले. माझ्या गोलात रंग. वडील आता नाहीत, पण त्यांचे डोळे कायम हळदीचे असायचे. चौकोनात रंग. भावाचे डोळे स्वच्छ, चौकोन कोरा. वडिलांची बहीण, आमची कमलआत्या, पैठणला माझ्या या भावाकडे राहते. तिच्या गोलाशी माझा हात थांबला. मी तिला फोन लावला.

आत्याचं लग्न सतराव्या वर्षी झालं आणि सहा महिन्यांत सासरच्यांनी तिला परत आणून सोडलं, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. का, ते कुणी बोलत नसे.

"डोळे पिवळे व्हते ना माझे," आत्या म्हणाली. "झाडपाला दिला, डाग दिले, कावीळ काय उतरंना. मग म्हणले, हिची लागंल घराला. ताट येगळं केलं, मग मलाच येगळं केलं."

"आत्या, ती लागणारी नव्हतीच. रक्तातून आलेली होती. बाबांनाही होती, मलाही आहे."

"नक्की का गं?" ती म्हणाली. " का मला बरं वाटावं म्हणून सांगायली?"

"नक्की," मी म्हणाले. पण तिचा विश्वास बसला नाही, हे मला कळलं.

डॉक्टरांनी पित्ताशय आणि प्लीहा दोन्ही काढायचं ठरवलं. प्लीहा गेली की काही जंतूंशी लढायची ताकद कमी होते, म्हणून आधी लसी घ्याव्या लागतात आणि दोन आठवडे थांबावं लागतं. या दोन आठवड्यांत मी धडा पूर्ण केला. शेवटच्या तासाला मुलांना माझीच वंशवेल वाचून दाखवली. रंगीत चौकोन, रंगीत गोल, आणि खाली माझ्या मुलीचा अजून कोरा गोल.

सानियाने विचारलं, "मॅडम, तुमच्या मुलीला?"

"तपासायचंय. शक्यता निम्मी."

निम्मी म्हणजे काय, ते त्या दिवशी त्यांना कळलं, आणि मलाही. आमची इरा चौदा वर्षांची. शेजारच्या खोलीत ती तिच्या शाळेचा ऑनलाइन तास करत होती. तिचा आवाज भिंतीतून ऐकू येत होता.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. पोटावर चार छोटी छिद्रं. दुसऱ्या दिवशी मी चालले, पाचव्या दिवशी घरी आले. तिसऱ्या आठवड्यात विलास माझ्याकडे बघत बसला आणि म्हणाला, "तुझे डोळे इतके पांढरे मी लग्नापासून कधीच बघितले नव्हते." जिना चढून न थांबता कुलूप उघडता येतं, हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी समजलं.

इराच्या रिपोर्टमध्ये तोच आजार निघाला. सौम्य. डॉक्टर म्हणाले, "हिला सध्या फॉलिक ॲसिडची गोळी आणि वर्षातून एकदा तपासणी. बाकी खेळू द्या." मी गाडीत रडले. इरा म्हणाली, "आई, मला नाव तरी माहितीये त्याचं." मग मी रडायची थांबले.

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. कावीळ वारंवार होत असेल आणि लिव्हरचे रिपोर्ट चांगले येत असतील, तर घरातल्या मागच्या माणसांची चौकशी करा. आणि प्लीहा काढलेली असेल तर साधा ताप आला तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एसटी सुरू झाल्यावर भाऊ आत्याला घेऊन आला. तिचं रक्त तपासलं, तोच आजार निघाला. सत्तरीच्या आत्याने डॉक्टरांसमोर बसून पहिला प्रश्न विचारला, "माझ्या हातचं खाल्लं तर लागंल का कुणाला?"

"नाही आजी."

"मंग लिहून द्या. मराठीत."

डॉक्टरांनी लेटरहेड ओढलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, हा आजार संसर्गजन्य नाही. खाली सही, शिक्का. आत्याला वाचता येतं. तिने ते दोनदा वाचलं आणि घडी करून पिशवीत ठेवलं.

दुपारी जेवायला सगळे जमिनीवर बसलो. मी वाढायला वरणाचा डाव हातात घेतला तेव्हा आत्या उठली. पन्नास वर्षांत पंगतीत तिने कधी कुणाला वाढलं नव्हतं. हात धुवायला गेली, बराच वेळ धूत राहिली, मग येऊन माझ्या हातातून डाव घेतला.

"तुझं पोट कापलंय. तू बस," ती म्हणाली, आणि पहिलं वरण तिने इराच्या भातावर घातलं.