बोटाखालची चौदा गाणी

पांडेसऱ्यातल्या आमच्या जुन्या बँडची रेकॉर्डिंग आता कोणालाही फोनवर ऐकता येतात. ज्या पानावर ती आहेत तिथे वर परवापर्यंत लिहिलं होतं, 'सुरतेतला मराठी बँड. गीते आणि ध्वनिमुद्रण', आणि पुढे माझं नाव. खाली लोक काही ना काही लिहीत असतात. एकानं तेव्हा विचारलं होतं की गाणारे सगळे खानदेशातले वाटतात, मग एकही गाणं अहिराणीत कसं नाही?

त्याचं उत्तर मला ठाऊक आहे. अहिराणी गाणी होती, निम्म्याहून जास्त होती. मी ती टेपवर येऊ दिली नाहीत.

मी तेव्हा एका बँकेत कारकून होतो, सातारा भागातून बदलून आलेला. बँडमध्ये माझा शिरकाव झाला तो मेहुण्यानं आखातातून आणलेल्या टेपरेकॉर्डरमुळे. बँडला नाव नव्हतं. बेंजोला वायर जोडून भोंग्यातून वाजवणारा एक, मिलमधल्या रिकाम्या निळ्या पिंपांवर ड्रमसारखं बडवणारा एक, आणि रंगाच्या मिलमध्ये कपडा रंगवणारा एक. मिल बंद असे त्या सुट्टीच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, नंदुरबारकडचा एक वॉचमन आम्हाला गोडाऊन उघडून द्यायचा. शेठला पत्ता नसायचा. बोर्ड नाही, पुकारा नाही. चहाच्या टपरीवर एकानं दुसऱ्याला सांगायचं, तेवढीच जाहिरात. तरी शंभरेक माणसं गठ्ठ्यांवर चढून बसलेली असत.

बेंजोवाला माझी गाणी गायचा. मी त्या काळी कविता करायचो, शुद्ध मराठीत, चंद्र आणि किनारा असलेल्या. त्यातलं एखादं संपलं की रंगवाला माइककडे यायचा. त्याच्या नखांवर त्या आठवड्यात मिलमध्ये चाललेला रंग असायचा, कधी जांभळा, कधी पोपटी. तो अहिराणीत स्वतःची गाणी म्हणायचा. मिलच्या मास्तरवर, बारा घंट्यांच्या पाळीवर, गावाकडून आलेल्या चिठ्ठीवर. तो गायला लागला की गठ्ठ्यांवरची माणसं उभी राहायची. माझ्या गाण्यांना बसून टाळ्या मिळायच्या.

आणि तो माइककडे निघाला की मी पॉजची कळ दाबायचो.

कॅसेट साठ मिनिटांची असते, ती पुरवायला हवी, असं मी सांगायचो. खरी गोष्ट अशी की या कॅसेटी पुण्याला एका ओळखीच्या कार्यक्रमवाल्याला पाठवायचं माझ्या मनात होतं. त्यानं माझे शब्द ऐकावेत आणि मध्येच ही गावाकडची बोली कानावर येऊन सगळ्यावर पाणी पडू नये, एवढाच माझा विचार होता. कॅसेटी मी कधी पाठवल्याच नाहीत. बँड मोडला, आणि सात कॅसेटी बिस्किटांच्या डब्यात माझ्या कपाटात राहिल्या.

गेल्या वर्षी त्या डब्याचा शोध घेत पिंपं वाजवणाऱ्याचा मुलगा आला. वडील वारलेले. हा चाळिशीचा, साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं संगणकावर काढतो. त्याला वडिलांचं वाजवणं हवं होतं. मी डबा दिला. महिन्याभरानं सगळं संगणकावर चढवून, खरखर कमी करून तो परत आला. बोलता बोलता रंगात आला की हा गुजरातीत शिरतो.

"काका, आ टक् शुं छे?"

"कसलं टक्?"

"ऐका ना." त्यानं ऐकवलं. टाळ्या, खुर्चीचा आवाज, मग एक दणदणीत पुरुषी आवाज, "मायनी चिठ्ठी उनी", आणि टक्. लगेच पुढे माझा चंद्र. "असे चौदा आहेत. सगळ्या कॅसेटी मिळून."

"लाइट जायची रे. तेव्हा रोजचंच होतं."

त्यानं मान डोलावली. चार दिवसांनी पुन्हा दारात.

"काका, मला मामा बनवताय काय? तिसऱ्या कॅसेटमध्ये खरंच लाइट गेली आहे. तिथे आवाज कसा बसत बसत जातो, म्हशीसारखा होतो. हे चौदा तसे नाहीत. हे कापलेले आहेत."

मी चष्मा पुसत बसलो. शेवटी मलाच बोलावं लागलं. सगळं सांगितलं. त्याचं तोंड उतरेल असं मला वाटलं होतं, पण तो संगणक उघडून माझ्या बाजूला सरकला.

"मग आणखी एक गंमत बघा. टक् होण्याआधी त्यांचा आवाज जेवढा येतो, ते सगळे तुकडे मी मोजले. पहिल्या कॅसेटमध्ये एक सेकंद, दीड सेकंद. चौथीत पाच. सातवीत हा एक तर चाळीस सेकंदांचा आहे. असं का? तुमचं बोट म्हातारं झालं काय?"

मी तेव्हा जेमतेम पस्तिशीत होतो. बोट चांगलं चालत होतं. तरीही आकडे त्याच्या पडद्यावर होते. कॅसेट जितकी नंतरची, तितका तुकडा लांब. तो घरी गेला आणि मी आठवडाभर त्याच्यावरच विचार करत राहिलो. खरं सांगतो, अपराधापेक्षाही या कोड्यानं मला जास्त धरून ठेवलं. शेवटी मला एक उत्तर सापडलं आणि ते मला फारच आवडलं. हळूहळू मला ती गाणी आवडू लागली असावीत. मनात नसलं तरी बोट रेंगाळायला लागलं असावं. चाळीस सेकंद म्हणजे जवळजवळ कबुलीच की.

पिंपवाल्याच्या मुलाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "हशे, असेलही. पण ज्यांचा आवाज आहे त्यांनाच विचारू ना. इथेच राहतात."

रंगवाला पांडेसऱ्यातच आहे हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही गेलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. त्याची बायको जमिनीवर बसून साडीवर खडे चिकटवत होती. तो खाटेवर. सत्तरीचा झालाय, दात गेलेत, नखं स्वच्छ.

"या साहेब, बठा. तुम्ही तर म्हातारे व्हयी गयात!" मग बायकोला, "अगं, टेपवाला साहेब उना."

बायकोनं मान वर केली आणि एकदम पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, कळेना.

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो. "भाऊ, तुमची गाणी टेपवर नाहीत. सुरुवातीचे तुकडेच आहेत. लाइट गेली नव्हती, मी कळ दाबायचो. प्रत्येक वेळी." मग कॅसेट पुरवणं, पुण्याला पाठवणं, बोलीची लाज, सगळं सांगितलं.

"व्हयनं?" तो म्हणाला. "माले तवयच दिखे, साहेब. तुम्ही समोर खोक्यावर बसायचे. मी उठलो की तुमचं बोट उठायचं."

"घर ईसन नक्कल करेत," बायको म्हणाली आणि आता उघडच हसली. तिनं एक बोट ताठ करून हवेत धरलं. आजूबाजूला बघितलं आणि झपकन खाली आणलं. ते हुबेहूब माझं बोट होतं.

"मग बोलला का नाहीत?"

"यंत्र तुमचं. आणि याचा बाप म्हणायचा, भांडू नको, टेप बंद झाला तर काहीच राहणार नाही." त्यानं पिंपवाल्याच्या मुलाकडे बोट केलं. "म्हटलं, चला मग, बघू कोण चपळ. आधी मी माइकसमोर जाऊन खाकरायचो, दोन शब्द बोलायचो. ते बंद केलं. जागेवरूनच सुरू करायचं, तुमचं लक्ष नसताना. तुम्ही चहा पिताना. कोणाशी बोलताना."

पिंपवाल्याच्या मुलानं फोन काढून सातव्या कॅसेटमधला चाळीस सेकंदांचा तुकडा लावला. सुरुवातीला बेंजोवर माझ्या चंद्राच्या गाण्याची चाल आहे. बेंजोवाला चुकला असणार, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं होतं.

रंगवाला खाटेवर थाप मारत ऐकत होता. "हां, हेच. बेंजोवाल्याला मी सांगितलं होतं, साहेबाची चाल धर. साहेब डोळे मिटून घेतील. आणि मिटले की नाही? चाळीस सेकंद तुम्हाला वाटत होतं, आता आपला शब्द येईल, आता येईल."

म्हणजे माझं बोट रेंगाळलं नव्हतं. ते माझ्याच गाण्याची वाट बघत होतं. आठवडाभर जपलेलं माझं उत्तर तिथे खाटेखाली गेलं. आश्चर्य असं की मला वाईट वाटण्याआधी हसू आलं. चौदा तुकडे माझ्या चुकीचे म्हणून मी मोजत होतो. ते त्यानं माझ्या हातातून काढून घेतलेले होते, एकेक सेकंद वाढवत.

मुलानं एकेक तुकडा लावला आणि विचारलं, "पुढे?" काही सुरुवातींवर रंगवाला नुसता बघत राहिला. "ध्यानमा नही. गया." पण सहा गाणी तो पुढे म्हणू शकला, सबंध. 'गाव मना तठे, मी आठे' हे त्यातलं एक. आवाज घोगरा झालाय, दात नसल्यामुळे शब्दांतून हवा जाते. गाण्यांआधी मी खाटेच्या टोकाला बसलो, मुलानं फोन माझ्यासमोरच्या स्टुलावर ठेवला आणि लाल गोल दाबून रेकॉर्डिंग सुरू केलं.

"थांब," रंगवाला म्हणाला. "साहेब, हात मांडीखाली."

मी हात मांडीखाली घातले. सहाही गाणी तसाच बसून ऐकली. चौथ्याला मुलाला कामाचा फोन आला आणि तो दुसरा फोन कानाला लावून जिन्यात गेला.

सहावं संपलं. पंखा फिरत होता, शेजारच्या घरात कुकर शिट्टी घेत होता. स्टुलावर लाल गोल चालूच होता.

"झालं, संपलं. दाबा आता," रंगवाला म्हणाला.

माझे हात हलले नाहीत. मुंग्या आल्या होत्या, आणि तेवढंच कारण नव्हतं.

"अहो दाबा ना साहेब. उगाच वाया जातंय."

"ऱ्हाऊ द्या," त्याची बायको म्हणाली. तिनं गोंदाची वाटी बाजूला सरकवली. "मायनी चिठ्ठीनं मना ध्यानमा शे." आणि त्याला जे आठवत नव्हतं ते तिनं सुरू केलं, साडीकडे बघत, कोणाकडेही न बघता. दुसऱ्या ओळीला तो तिच्यात मिसळला.

मुलानं इंटरनेटवर केलेल्या त्या पानावर आता ते जसंच्या तसं आहे, पंखा आणि कुकरसकट. माझ्या नावाच्या जागी काय लिहायचं ते मुलानं मला विचारलं. मी म्हटलं, हे सगळं लिही.