आधी पाणी, मग ॲसिड

मासाळ मॅडमच्या पर्समध्ये कंगवा नसायचा, बाभळीचे काटे असायचे. बोरांना काटे टोचून त्या रेणू उभे करायच्या आणि तास संपला की ते रेणू आम्ही खायचो. मॅडम मूळच्या म्हसवडकडच्या. विट्याजवळच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या, पण बोलणं घरचंच.

"एका खाटेवर चार जावा झोपवल्या तर कशा झोपतील? जिला तिला दुसरीपासनं लांब सरायचंय. इलेक्ट्रॉनच्या जोड्यांचं बी तसंच. म्हणून मिथेनला चार कोपरे." मग पाण्याचा रेणू. "हितं दोन सुना, दोन सासवा. सासवा म्हंजी कुणाशी न बांधलेल्या जोड्या. त्यांना जागा लय लागती. म्हणून सुना एकमेकींकडं ढकलल्या गेल्या, अन् रेणू वाकला."

द्रावणाच्या धड्याला मात्र त्या हसत नसत. "आधी पाणी, मग ॲसिड. घर मोठं असलं की तापट पाव्हणा बी निवतो. उलटं केलं तर जागीच उकळतो, अन् तोंडावर उडतो."

त्यांची नेमणूक दर वर्षी नव्यानं व्हायची. कायम करणं चेअरमन आण्णांच्या हातात होतं आणि यंदा करतो, असा शब्द त्यांनी दिला होता. नव्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला आण्णा आले. त्यांची हयात परमुलखात, गलाईच्या दुकानात सोनं शुद्ध करण्यात गेलेली. टेबलावर सल्फ्युरिक ॲसिडचा बीकर, शेजारी पाण्याचा. काचेची कांडी घेऊन मी पुढं उभी होते, मागं मुली दाटीनं वाकलेल्या.

"मीच करतो की. फोटो बी झ्याक येईल," म्हणत आण्णांनी पाण्याचा बीकर उचलला आणि ॲसिडवर धरला.

"आण्णा, पाणी खाली ठेवा."

"आवं मॅडम, ॲसिडात हात घालून आमी घरं बांधली."

"ते नायट्रिक. ह्ये सल्फ्युरिक हाय. ठेवा."

"घाबरला व्हय?" आण्णा हसले. प्राचार्यही हसले. बीकर कलू लागला. मॅडमनी आण्णांचं मनगट धरून बाजूला ओढलं.

"हात सोडा," आण्णा म्हणाले.

"आधी बीकर सोडा."

फोटोसाठी धरलेला शिपायाचा मोबाइल वर तो वरच. पाणी आण्णांच्या पांढऱ्या बाहीवर सांडत होतं. "मॅडम, अहो, आण्णा आहेत ते!" प्राचार्य पुटपुटले. शेवटी आण्णांनी बीकर टेबलावर आपटला.

मॅडमनी तो पुन्हा भरला. माझ्याकडची कांडी घेऊन तिच्यावरून ॲसिड पाण्यात हळूहळू सोडलं. "आता बाहेरनं बोट लावा, आण्णा." त्यांनी लावलं आणि झटकन मागं घेतलं.

"ही आग पोरींच्या डोळ्यांत गेली असती."

आण्णा चहा न घेता गेले. जूनमध्ये वेळापत्रकात मॅडमचं नाव नव्हतं.

सामान न्यायला त्या आल्या, तेव्हा मी स्टँडपर्यंत गेले. न राहवून विचारलं, "मॅडम, त्याच दिवशी तुम्ही आण्णांना सॉरी म्हणाला असता तर?"

"कशाचं गं? तुझं डोळं शाबूत राहिलं, त्याचं?"

सांगलीची एसटी लागली. मी पिशवी वर दिली. खिडकीतून त्या म्हणाल्या, "सायन्स सोडू नको. घरची म्हणतील, त्या मॅडमचं काय झालं बघ. म्हणू देत."

घरचे अगदी तसंच म्हणाले. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यातली पहिली.